उजवी टाच

"नाही दुखत," मुलगी म्हणाली.

डॉक्टरांनी तिची उजवी टाच दोन्ही बाजूंनी दाबून धरली होती. म्हणता म्हणता मुलीने तपासणीच्या टेबलावर अंथरलेला कागद मुठीत चुरगळला. नजर वडिलांवर.

"बघा," वडील म्हणाले. "बर्फाने फरक पडलाय."

डॉक्टरांनी टाच सोडली. हा बाप या मुलीला घेऊन तिसऱ्यांदा आला होता. पहिल्या खेपेला त्यांनी त्याला एक्स-रे समोर धरून समजावलं होतं की अकराव्या वर्षी टाचेच्या हाडाचं मागचं टोक अजून कच्चं असतं, धावताना पोटरीचा स्नायू ते ओढतो, म्हणून ते सुजतं. काळजीचं कारण नाही. वय वाढलं की ते आपोआप जुळून येतं. तोवर दुखणं थांबेपर्यंत धावायचं नाही, एवढंच. दुसऱ्या खेपेला त्यांनी हेच चित्र काढून सांगितलं. बापाने तेव्हाही मान डोलावली होती. चांगली जोरात डोलावली होती.

आज त्यांनी विचारलं तर कळलं की त्याने सगळं पाळलंय. रोज बर्फ, पोटरीचे व्यायाम, बुटात टाचेखाली मऊ गादी. स्वतः ऑफिसातून लवकर निघून पाळलंय. आणि धावणं? तेही बंदच म्हणायचं, तो म्हणाला. ट्रॅकवर पाऊल ठेवू दिलेलं नाही. गवतावर पळवतोय.

"गवतावर पळणं म्हणजे पळणंच झालं," डॉक्टर म्हणाल्या.

तसं जोरात नाही, बाप म्हणाला. आधी भरभर चालणं, मग शेवटी थोडंसं. अंग मोकळं राहायला. कारण रविवारी शर्यतीची अंतिम फेरी होती, आणि मॅडम, तुमच्याकडे एखादं इंजेक्शन असेल ना, रविवारपुरतं?

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी मुलीला खाली उतरून एका पायावर उड्या मारायला सांगितल्या. डाव्या पायावर ती चेंडूसारखी उडाली. बापाच्या चेहऱ्यावर हसू आलं. तो तिला घरी बुलेट म्हणायचा, तसं आताही म्हणाला. उजव्या पायावर मुलीने पहिली उडी मारली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. दुसरी मारली. तिसरीला ती टाच न टेकवता बोटांवर उतरली आणि टेबलाची कड धरून उभी राहिली.

"अजून एक मारते ती," बाप म्हणाला. "लाजतेय तुम्हाला."

डॉक्टरांनी बेल दाबली. सिस्टर आल्या तेव्हा त्यांना प्लास्टरची तयारी करायला सांगितली. गुडघ्याखालपासून बोटांपर्यंत.

बाप खुर्चीतून उठला. हाड मोडलंय का, त्याने विचारलं. नाही, डॉक्टर म्हणाल्या.

"मग प्लास्टर कशाला?"

"कारण मी विश्रांती सांगितली की ती तुम्हाला दिसत नाही. हे दिसेल."

त्याने बरंच बोलून पाहिलं. मुलीची मेहनत, पहाटेचा सराव, शाळेने लावलेली आशा. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. शेवटी तो खाली बसला आणि वेगळ्याच, बारीक आवाजात म्हणाला की ती खरंच फार छान धावते हो. डॉक्टरांनी त्याला कुबड्या कुठे मिळतील ते सांगितलं आणि बाहेर पाठवलं.

प्लास्टर लावताना त्यांचा राग काही उतरेना. अशा टाचेला क्वचितच प्लास्टर लागतं. आणि आता तीन आठवडे ही पोरगी उकाड्यात खाजवायला फूटपट्टी शोधत बसणार, पोटरी बारीक होणार, मग ती पुन्हा भरून काढायची. बापाने ऐकलं असतं तर यातलं काहीच लागलं नसतं. त्यांनी ओली पट्टी नेहमीपेक्षा जरा जोरातच पिळली. पाणी त्यांच्याच चपलेवर सांडलं.

"कंटाळा येईल तुला," त्या मुलीला म्हणाल्या. "पण घालावंच लागतंय."

मुलगी पट्टीचे वेढे बघत होती. "घरी काढता येतं का हे?"

"नाही. इथे मशीनने कापावं लागतं."

"बाबांनाही नाही येत?"

"बाबांनाही नाही."

मुलीने श्वास सोडला आणि इतका वेळ ताठ बसलेली ती उशीवर मागे टेकली. सिस्टरांनी तिच्या गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल सरकवला. प्लास्टर गरम लागतंय, ती म्हणाली. वाळताना लागतं तसं, डॉक्टर म्हणाल्या.

बाहेरच्या पॅसेजमध्ये बाप फोनवर बोलत होता. दार नीट लागलेलं नव्हतं. तीन आठवडे गेलेच समजा, तो कुणाला तरी सांगत होता, पण पुढच्या महिन्यातली स्पर्धा गाठता येईल. प्लास्टर निघालं की दुसऱ्या दिवसापासून सुरू करू. तोवर हातांचे व्यायाम घेतो तिच्याकडून.

डॉक्टरांनी उठून दार लावलं. परत आल्या तेव्हा मुलगी उठून बसली होती. तिने डाव्या पायातला मोजा ओढून काढला होता आणि तो पाय त्यांच्यासमोर धरला होता.

"डॉक्टर, हीपण टाच दुखते."

त्यांनी ती हातात घेऊन दोन्ही बाजूंनी दाबली. मुलगी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"आई गं," ती म्हणाली, जरा उशिराच.