पाळीवरची माणसं

“लोकं कायले पाहिजे फोटोत? माझा तलाव दिसला पाहिजे, केशोराव.”

दुलीचंद मालगुजार गोंदियातल्या त्या छोट्या स्टुडिओत खुर्ची ओढून बसले होते. कामठ्याच्या पलीकडे त्यांच्या गावात नवा तलाव खोदायला घेतला होता. पहिल्या कुदळीपासून पाणी भरेपर्यंत दर महिन्याला एकाच जागेवरून एक फोटो त्यांना हवा होता. सगळे ओळीनं लावले की मोकळ्या रानात तलाव उभा राहताना दिसावा.

केशोरावांनी दोन कॅमेरे टेबलावर ठेवले. लहान होता तो रिळाचा. पापणी लवेपर्यंत त्याचा फोटो निघे, चालता माणूस जागच्या जागी धरला जाई. पण पावसाळ्याची दमट हवा त्याच्या रिळाला बाधे. मोठा कॅमेरा सागवानी, पितळी कोपऱ्यांचा, काचेच्या प्लेटांचा. कुठल्याही हवेत टिकणारा, पण संथ. भिंगावरचं झाकण काढून निवांत थांबावं लागे.

“मग हाच लावू,” मोठ्यावर हात ठेवून केशोराव म्हणाले. “यात जे हलतं ते उमटत नाही. मजूर चालते राहिले तर एकही दिसणार नाही.”

मालगुजार खूश झाले. केशोरावांनाही आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं.

टेकाडावर विटांचा चौथरा बांधला गेला. केशोराव बैलगाडीनं जात, त्यावर कॅमेरा बसवत आणि झाकण काढण्याआधी मुकादमाला खूण करत. “कोनी उभे राहू नका!” मुकादम ओरडे. डोक्यांवरच्या टोपल्या चालू लागत. एकदा टोपली रिकामी करून एका बाईनं विचारलं, “बाबू, आमी येऊन राहिलो का फोटूत?”

“येऊन राहिले, सगळे येऊन राहिले,” केशोराव हसून म्हणाले. सांगायला काय जातं!

आषाढात तलावाची ओली पाळ, मातीचा तो बांध, खचली. माणूस दबला, एवढंच गोंदियात ऐकू आलं. पाऊस उघडला तशी तीच बाई, धुरपताबाई, कडेवर लेक घेऊन स्टुडिओच्या दारात उभी राहिली.

“शामकलाच्या बापाचा फोटू पाह्यजे, बाबू. मातीखाली गेला तो. पोरगी लहान हाये, तिले बाप आठवणार नाही. तुमीच म्हणत होते ना, सगळे येऊन राहिले म्हणून?”

केशोराव आत गेले. सगळे फोटो त्यांनी पसरले, भिंग लावून एकेक पाहिला. फोटोगणिक पाळ वाढत गेली होती, जणू माती आपल्या पायांनी चालत येऊन बसली होती. कितीतरी माणसं तिथं राबली आणि एकाचाही चेहरा नव्हता. दोष कॅमेऱ्याचा नव्हता. त्यांनी निवडलं होतं तेच त्यांना मिळालं होतं.

खरं सांगून टाकावं म्हणून ते दारापर्यंत आले. पोर आईच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. ते तसेच परत फिरले.

रीळ तपासायला म्हणून लहान कॅमेऱ्यानं त्यांनी पाळीवर एकदाच एक फोटो काढला होता. ओंजळीनं पाणी पिणारा मजूर. डोक्याला पटका, अर्धा चेहरा हातांआड. कोण होता, त्यांनी विचारलंही नव्हतं. कोणीही असेल. तोही असेल.

फोटो तिच्या हातात देताना त्यांची नजर वर झाली नाही. “हाच ना?”

धुरपताबाई बराच वेळ पाहत राहिली. तिनं त्या पटक्यावरून हलकेच बोट फिरवलं. निभावलं, असं केशोरावांना वाटलं, आणि तसं वाटल्याचीच त्यांना शरम वाटली.

फोटो पदराआड धरून ती पायरी उतरली. मग थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता.

“हा तं उदाराम हाये, बाबू. त्याच मातीखाली हा बी गेला. त्याच्या बायकोपाशी, रुख्मापाशी बी फोटू नाही. तिले नेऊन देतो.”