नावाची टोपली

वालूरच्या वैष्णवीनं गिफ्ट बास्केटा विकायला काढल्या. सुकामेवा, अत्तर, वरून चमकीचा कागद आणि कडेला 'वैष्णवी' या दुकानाच्या नावाचं स्टिकर. पहिल्या बारा बास्केटा लग्नसराईत हातोहात खपल्या.

आठवड्यात बायनाकाकू आहेरात आलेली बास्केट घेऊन दारात हजर. "टोपलीवर तुझं नाव हाय. दुसऱ्याचं भांडं आमी ठिवून घेत न्हाई." रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून काकूंनी ती वांग्यांनी शिगोशीग भरली होती.

बाराच्या बारा टोपल्या अशाच भरून परत आल्या. वैष्णवीनं कपाळावर हात मारला आणि त्या भाजीवरच चमकीचा कागद चढवून रिबीन बांधली.

दुसऱ्या दिवशी बायनाकाकूंनी नेमकी आपल्याच वांग्यांची टोपली विकत घेतली.



"लेकीच्या सासरी जायलेय. घरची वांगी न्यायला बरं दिसत न्हाई."