आईचे बूट

मुलांनो, माझ्याबरोबर जरा शाळेच्या सभागृहात या. गाणं लागलंय, मोठ्या वर्गातली मुलंमुली नाचताहेत आणि एक मुलगी भिंतीला टेकून उभी आहे. गेल्या महिन्यात तिच्या आईचा पाय कापावा लागला. आईनं दवाखान्यातून फोटोग्राफर भावाला बजावलं होतं, “नुसता तिच्या चेहऱ्याचा फोटो आणू नकोस. माझे नाचायचे बूट घालून गेलीय ती, ते नाचताना बघायचेत मला.” मामानं कॅमेरा डोळ्याला लावला. मुलगी पुटपुटली, “मामा, बूट मोठे होतात. सगळ्यांसमोर पडेन मी.” “पड की. तुझी आई पहिल्याच नाचात तोंडावर आपटली होती.” “काहीही.” “उद्या तिलाच विचार.” मुलीनं बुटांकडे पाहिलं. मग तिनं केसांची रिबीन सोडली, दातानं दोन तुकडे केले, दोन्ही बूट पायांना घट्ट बांधले आणि “आता कॅमेरा खाली, बुटांवर धर,” म्हणत नाचणाऱ्यांत शिरली.