खडूचा बाण

होबार्टमधल्या उभ्या उताराच्या माथ्यावर आमचं घर. माझ्या धाकट्या भावानं, लॅकलननं, दारातच आईच्या गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेक-पॅड आणि ते दाबून धरणारे दोन्ही कॅलिपर बदलले, मग ब्रेकच्या तेलातली हवा काढली. आईनं पेडल दाबून पाहिलं. “जरा मऊ लागतंय रे.” “नवीन पॅड आहेत, बसतील हळूहळू. निघ, क्लबातल्या तुझ्या म्हाताऱ्या खोळंबल्या असतील.” “म्हातारा असशील तू,” म्हणत आई निघाली. आवरताना मी जुना डावा कॅलिपर उचलला. सोडवण्यापूर्वी मीच त्यावर खडूनं वरच्या दिशेचा बाण काढला होता. हवा काढायचा स्क्रू बाणाच्या टोकाशी होता. “नव्यांचा स्क्रू कुठे आला?” मी लॅकलनला विचारलं. “खाली. आडवं पडून हवा काढायची नळी लावली, प्रोफेसरबाई.” हवा वर जाते. डाव्या-उजव्या कॅलिपरांची अदलाबदल झाली होती. हवा आतच होती, म्हणूनच पेडल मऊ लागत होतं. तेवढ्यात खाली वळणापाशी आईच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. गाडीचा वेग वाढतच होता.