काही लागतंय का?

"काही लागतंय?" कॉलिनने विचारलं.

पारदर्शक टोपाच्या आत तेल्माचा चेहरा होता. चेहऱ्यावर रबरी मास्क. मास्कची परीक्षा घ्यायला आलेल्या कॉलिनने टोपाच्या भोकातून नुकताच कडू औषधाचा फवारा मारला होता. मास्क नीट बसला असेल तर जिभेला काही कळत नाही. फट राहिली तर घसा कडूजहर होतो. आणि जिथून कडू आत येतं, तिथूनच अ‍ॅस्बेस्टॉसची धूळही आत येते.

"नाही. काही नाही," तेल्मा म्हणाली.

पण त्याआधी तिने आवंढा गिळला. रांगेत उभ्या असलेल्या ओदीलियाने तो पाहिला. तेल्मा तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय तेवीस. आज कामाचा पहिला दिवस. सकाळी बसमध्ये ओदीलियानेच तिला पढवलं होतं, "कितीही कडू लागलं तरी नाही म्हणायचं. गिळायचं आणि हसायचं."

प्रत्येक नव्या बाईला ती हेच सांगायची. चार वर्षांपूर्वी त्यांच्यातलीच लूर्डस खरं बोलली होती. मुकादम आल्बानोने तिला त्याच दुपारी घरी पाठवलं. परत कधी बोलावलंच नाही.

टोरांटोतल्या जुन्या शाळांच्या तळघरात पाइपांवरचं अ‍ॅस्बेस्टॉस काढायचं, हे त्यांचं काम. बारा पुरुष, सहा बायका, सगळे पोर्तुगीज. पुरुष पाणी मारून मोठे थर सोडवायचे, पिशव्यांत भरायचे आणि बाहेर पडायचे. मग बायका आत जायच्या. कोपरे, फटी, पाइपांच्या मागची बाजू, जिथे जिथे बारीक धूळ उरली असेल ती ओल्या फडक्याने टिपून काढायच्या. तोंड भिंतीपासून वीतभर अंतरावर. कागदोपत्री याला 'हलकं काम' म्हणत. मास्क मात्र सगळ्यांना एकाच, पुरुषी जबड्याच्या मापाचा.

"झालं गं मावशी," तेल्मा जवळून जाताना कुजबुजली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पण केवढं कडू!"

ही धूळ आज आत जाते आणि तीस वर्षांनी कॅन्सर होऊन उठते, हे ओदीलियाला ठाऊक होतं. तेवीस आणि तीस, त्रेपन्न. म्हणजे तिचं स्वतःचं आजचं वय.

"चल म्हातारे, आटप," आल्बानो ओरडला. "मास्क घट्ट बसावा म्हणून आम्ही पहाटे उठून दाढ्या खरवडून आलोय. तुम्हाला तर तीही कटकट नाही."

ओदीलिया खुर्चीवर बसली. टोप डोक्यावर आला. फवारा उडाला.

"काही लागतंय?"

"कडू."

कॉलिनने कागद उलटून पाहिला. "गेल्या वर्षी तर तुम्ही पास झाला होतात. त्याच्या आधीही."

"खोटं बोलले. अकरा वर्षं."

आल्बानो तीन ढांगांत तिथे पोचला. "डोकं फिरलं काय तुझं? तोंड तुझं एवढंसं, त्याला मी काय करू? बायकांचं माप वेगळं ठेवायला हे काय टोप्यांचं दुकान आहे?"

"माप ठेव, नाहीतर फडकं तू मार."

तेल्मा परत फिरली होती. "माझी परीक्षा पुन्हा घ्या. मलाही लागलं."

"माझ्या नावापुढेही कडूच लिही रे," मागून झुल्मीरा म्हणाली. ती आल्बानोची चुलत बहीण. "बसायचीसुद्धा गरज नाही."

उरलेल्या तिघींनीही तेच सांगितलं. सहा कागदांवर कॉलिनने सहा फुल्या मारल्या आणि खाली सही केली. "यातली एकही आत जाणार नाही."

आल्बानोने खांदे उडवले. त्याने फडकी पुरुषांच्या हातात दिली. बायका दोन दिवस शाळेच्या पायऱ्यांवर ऑगस्टचं ऊन खात बसल्या. डब्यातले माशाचे वडे एकमेकींना वाटत राहिल्या. मनातून सगळ्या धास्तावलेल्या.

"आपलीही लूर्डससारखी गत झाली तर?" झुल्मीराने एकदा विचारलंच.

"ती एकटी होती," ओदीलिया म्हणाली.

आत बारा पुरुष घामाघूम झाले होते. पाइपांच्या मागे त्यांचे खांदे शिरेनात. कोपऱ्यांत हात पोचेनात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळघरातली हवा तपासली, तर ती नापास. शाळा उघडायला बारा दिवस उरले होते. हलकं काम कुणालाच जमलं नव्हतं.

लहान मास्क मागवायचे तर दीड महिना लागतो, असं कंपनीच्या मालकाने आधी फोनवर सांगितलं होतं. तेच मास्क तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी दारात आले. ओदीलियाने स्वतः खोका फोडला आणि पहिला मास्क तेल्माच्या हातात दिला.

"काही लागतंय?" कॉलिनने विचारलं.

तेल्माने मान वर करून बघितली, खाली करून बघितली. मग तिने मास्कमधूनच अशी आरोळी ठोकली की बाहेर जेवायला बसलेले पुरुष धावत आले. "काहीच नाही! मावशी, खरंच काही नाही!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. झुल्मीराने तर शिट्टी मारली. एकेक जण बसली, एकेक जण पास झाली. शेवटी ओदीलिया बसली आणि तीही हसत उठली. लूर्डसला तिने तिथूनच फोन लावला, सोमवारपासून ये म्हणून सांगितलं, आणि आल्बानोने ते ऐकून नुसती मान डोलावली.

पुरुष पुन्हा जेवायला गेले. आल्बानो मात्र तिथेच घुटमळत राहिला. त्याने दार लोटून घेतलं. टोपी काढली. सहा बायकांच्या देखत त्या खुर्चीवर बसला आणि खाली बघत म्हणाला, "कॉलिन, त्यातला एक लहान मलाही दे. एकोणीस वर्षं मलाही कडूच लागतंय."