मानाचं डोकं

रुचिता मॅडमच्या ताटात जिताड्याचं डोकं पडलं, तेवढ्यात दारात उभी असलेली भाविका म्हणाली, "ह्यो मोरू हाय."

ओटीवर जेवायला बसलेली मंडळी हसली. खाडीकाठच्या खारेपाटातली जुनी रीत आहे. घराशेजारच्या तळ्यात जिताडा पाळायचा, मोठा पाहुणा आला की काढायचा आणि डोकं मानाच्या माणसाला वाढायचं. मासा पोसतात तो त्या दिवसासाठीच, म्हणून त्याला नाव कुणी ठेवत नाही. भाविकाने ठेवलं होतं. ती रोज तळ्याच्या काठावर बसून कोलंब्या टाकायची आणि मोरू तिच्या बोटांपर्यंत वर यायचा.

"पोरगी येडी हाय, मॅडम," तिचा बाप विनेश म्हणाला. "तुम्ही जेवा. गरम हाय तवर जेवा."

विनेश शाळा समितीचा अध्यक्ष. मॅडमची संस्था तालुक्यातली एक शाळा निवडणार होती आणि तिला नव्या खोल्या बांधून देणार होती. त्यासाठी मॅडम सकाळच्या बोटीने मांडव्याला उतरल्या होत्या. शाळेत त्यांनी मुलांना गोष्टी सांगितल्या, राग आला, रडू आलं तर काय करायचं ते शिकवलं. कुठलीच भावना वाईट नसते, असं फळ्यावर लिहिलं. भाविकाला ते फार आवडलं होतं. घरी येऊन पाहते तर बांधावर जाळं वाळत घातलेलं.

"सकाळी माजे हातची कोलंबी खाल्ली त्यानी!" तिचा आवाज चढला. "पप्पा, तुमी मारला त्याला. मना इचारला पन न्हाय!"

"गप!" विनेशने डोळे वटारले.

"नाही, नाही, तिला ओरडू नका." मॅडमनी घास चावत चावतच हात वर केला. रस्सा बोटांवरून मनगटाकडे ओघळला. अशी संधी त्या बऱ्या सोडतील! "भाविका, बाळा, इकडे ये. काय वाटतंय आत्ता? भावनेला नाव दे."

"राग."

"छान! शरीरात कुठे आहे राग?"

भाविकाने गळ्याला हात लावला.

"व्हेरी गुड. आता डोळे मीट. फुलाचा वास घेतो ना, तसा नाकाने मोठा श्वास घे."

पोर गुणाची. तिने घेतला. ओटीवर फूल कुठलं असायला? लसूण होती, चिंच होती, घरचा मसाला होता आणि मोरू होता. तिने तोंड घट्ट मिटून घेतलं.

"सोड हळूहळू. आता एक गोष्ट सांगते. एक होता मोरू. तो तळ्यात राहायचा. एक दिवस तो म्हणाला, आता मी मोठा झालो, मला जायला हवं." बोलता बोलता मॅडमनी डोक्यातला डोळा काढून चोखला आणि आतली पांढरी गोळी ताटाच्या कडेला ठेवली. "मग तो सगळ्यांना टाटा करून समुद्रात गेला."

"समुद्रात न्हाय गेला," भाविका डोळे न उघडता म्हणाली. "तुमचे ताटात हाय."

"परत श्वास घे, बाळा."

मासा काय, सगळेच खातात. त्यात पाप नाही. पण ज्या पोरीचा मासा खायचा, तिलाच उष्ट्या तोंडाने शांती शिकवायची, याला निगरगट्टपणा म्हणतात. बघणाऱ्याला शिसारी यावी असा तो प्रकार होता. ओटीवर मात्र कुणाचाही घास अडला नाही.

भाविका श्वास घेत राहिली. हळूहळू तिचे खांदे उतरले. डोळे उघडले तेव्हा ती कुणाकडेच बघत नव्हती.

"बघा, झाली की नाही शांत?"

"जादू हाय तुमच्याकडे, मॅडम," विनेश म्हणाला.

मॅडमनी खूश होऊन आपल्या मदतनिसाकडे पाहिलं. "धनेश, व्हिडिओ घेतलास ना?"

धनेशच्या दोन्ही हातांना रस्सा होता. "मॅडम, मी जेवत होतो."

मॅडमचा चेहरा पडला. मग लगेच उजळला. "हरकत नाही. भाविका, परत एकदा रागाव बघू. मघाशी कशी ओरडलीस, अगदी तशी. आधी राग, मग शांत. ऑफिसमध्ये दाखवू, म्हणजे तुमच्याच शाळेचं काम होईल."

धनेशने हात धुतले आणि मोबाईल धरला.

"रागाव की," विनेश म्हणाला. मघाशी डोळे वटारणारा बाप आता आर्जवं करत होता. "शालेसाठी रागाव. म्हन, मोरूला मारला म्हन. जरा रड."

भाविका तशीच उभी. तिने फक्त आईकडे पाहिलं. कमळ टोप घेऊन वाढायला उभी होती. मासा तिनेच कापला होता, तिनेच शिजवला होता, आणि सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती.

"मूड यायला वेळ लागतो मुलांना," मॅडम समजुतीने म्हणाल्या. "तोवर मला एक तुकडी वाढा ना. काय चव आहे हो!"

त्या घरात पाहुण्याला 'संपलं' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. टोप खरंच रिकामा झाला तर परसातून शेजारी जायचं, वाटीभर कालवण आणायचं आणि हसत वाढायचं.

कमळने टोप कमरेवर घेतला. दुसऱ्या हाताने मुलीचा हात धरला.

"संपलं," ती म्हणाली.

टोपात मोठमोठ्या तुकड्या होत्या. सगळ्या ओटीला त्या दिसत होत्या.