दुसरा आवाज

कॉम्प्रेसर सुरू झाला तशी पुतणीने कानांत बोटं घातली. पाण्याच्या बाटलीएवढं ते यंत्र, पण बोंबलायचं घसा फाटेपर्यंत आणि हवा सोडायचं फुंकर घातल्यासारखी.

"आवाज ट्रकचा आणि हवा फुग्याची!" काका म्हणाला. "कुठून उचललंस हे?"

"सेलमधून. ट्यूबलेस टायर बसतो असं खोक्यावर छापलंय."

"खोक्यावर छापायला काय जातंय त्यांच्या बापाचं!"

सायकलचं पुढचं चाक मागच्या अंगणात फरशीवर उभं होतं. नवा टायर रिमवर सैल लोंबत होता. काकाने दोन्ही कडांना साबणाचं पाणी चोपडलं होतं. हवा भसकन आत जावी म्हणून व्हॉल्व्हमधली पिनही काढून ठेवली होती. तरी हवा इकडून शिरायची आणि तिकडून फेस काढत निघून जायची. कडा रिमला घट्ट जाऊन बसल्याशिवाय ट्यूबलेसमध्ये हवा काही टिकत नाही.

सायकल पुतणीच्या बाबांची. तीन वर्षं भिंतीला टांगलेली होती. उद्या सकाळी तीच घेऊन पुतणी मैत्रिणींबरोबर टेकडीवर जाणार होती, बाबा जायचे त्याच रस्त्याने. महिनाभर आईशी भांडून तिने परवानगी मिळवली होती. आईने एकच अट घातली होती, पुढचा टायर भाऊजींनीच बसवायचा. ही अट कानावर आल्यापासून काकाला अन्न गोड लागत नव्हतं.

त्याने टायरभोवती पट्टा आवळला, चाक जरा फिरवलं आणि बटण दाबलं. यंत्र घरघरलं. टायर फुगायला लागला, फेस कमी झाला.

ठाक!

"एक!" पुतणी ओरडली. ही या घरातली जुनी रीत. टायरची एक कड बसली की एक आवाज, दुसरी बसली की दुसरा. बाबा अंगणातून मोठ्याने मोजायचे आणि 'दोन' ऐकू आलं की घरात सगळे समजायचे, निघाली स्वारी.

काका दुसऱ्या आवाजाची वाट बघत बसला. तीन वर्षं तो हेच करत आला होता. कुठे दार आपटलं, डब्याचं झाकण लागलं, कुणी टाळी दिली, की त्याचा जीव कानांत गोळा व्हायचा. एक झाला, दुसरा कुठाय?

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"बसला की रे, काका! बघ कसा गोल गरगरीत झालाय." पुतणीने टायरवर थाप मारली. "दोन म्हण आणि ऊठ. यंत्र तापलंय, आता पेट घेईल ते."

काकाने रिमच्या कडेकडेने बोट फिरवलं. टायरवरची बारीक रेघ सगळीकडून सारखी दिसायला हवी. एका जागी, चार बोटांएवढी, ती आत बुडाली होती. एवढीशी तर जागा. सपाट रस्त्यावर कळणारही नाही. पण उतारावर, वळण घेताना, टायर तिथूनच निसटतो. दादा गेला त्या दिवशी सगळे म्हणाले होते, खडीवरून घसरला बिचारा. काकाही तेच म्हणाला होता.

"भाऊजी."

वहिनी दारात उभी होती. हात ओलेच होते.

"दुसरा झाला नाही," ती म्हणाली.

"नाही, वहिनी. एकच झालाय."

"त्या दिवशीही एकच झाला होता."

काकाने कॉम्प्रेसर बंद केला. साबणाच्या फेसातून हवा निघत होती, तेवढीच ऐकू येत होती.

"टायर मी बसवत होतो. दादा बूट घालून तयार होता," तो म्हणाला. "सारखा म्हणत होता, आटप, आटप. मला वाटलं, चालवता चालवता बसेल आपोआप..." मग त्याने विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"नळ बंद करून ऐकत होते. दुसरा आवाज आलाच नाही. आणि तुम्ही 'दोन' म्हणून ओरडलात." वहिनी स्वतःच्या हातांकडे बघत होती. "मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. मी परत नळ सोडला."

पुतणी एकदा आईकडे, एकदा काकाकडे बघत राहिली. टायरवरचा हात तिने काढून घेतला.

काकाने बुडालेल्या जागेवर पुन्हा साबणाचं पाणी लावलं. अर्धं पाणी फरशीवर सांडलं. पट्टा आणखी आवळला, बटण दाबलं. यंत्राने परत गळा काढला. या वेळी पुतणीने कानांत बोटं घातली नाहीत. वहिनी दारातून हलली नाही.

ठाक!

काकाचं बोट रेघेवरून फिरलं. एक फेरी, मग दुसरी, मग तिसरी. रेघ सगळीकडून सारखी होती. त्याने यंत्र बंद केलं आणि चौथ्यांदा रेघेवर बोट ठेवलं.

"झालाय," पुतणी म्हणाली. "आता खरंच झालाय, काका. आता म्हण."